द्रव्य एक, अवस्था अनेक : डॉ. मेघनाद साहा यांचे जीवन

तानसा तलावाचा दगडी बांध आमच्या विद्यार्थ्यांच्या नित्य पाहण्यातला आहे. १८९२ साली पूर्ण झालेला आणि पावणेतीन किलोमीटरांहून लांब असलेला हा बांध एवढे पाणी अडवून उभा आहे, तो मुख्यतः स्वतःच्या वजनाच्या बळावर. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान एक टन भरते. तेवढ्याच आकारमानाच्या काळ्या पाषाणाचे पावणेतीन ते तीन टन भरते. ठरावीक आकारमानात किती वस्तुमान सामावले आहे, याचे माप म्हणजे घनता. पाण्याहून अधिक घनतेचा दगड पाण्याला थोपवितो, आणि पाण्याहून कमी घनतेचा सागाचा वाळका ओंडका त्याच पाण्यावर तरंगतो. हा धडा आमच्या मुलांना पाठ असतो. परंतु हाच धडा पृथ्वीवरून सूर्यापर्यंत नेणारे शास्त्रज्ञ आपल्याच देशात एका खेड्यातील किराणा दुकानदाराच्या घरी जन्मले होते, आणि शिक्षणासाठी त्यांना लहानपणीच घर सोडून परक्यांच्या आश्रयाला राहावे लागले होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. मेघनाद साहा. निवासी शाळेच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र असावे असे आम्हांस वाटले, ते याच कारणाने.

मेघनाद यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातील शेवडातली या गावी झाला. हा प्रदेश आज बांगलादेशात आहे. वडील जगन्नाथ यांचे गावात लहानसे दुकान होते. आईचे नाव भुवनेश्वरी. आठ भावंडांत मेघनाद पाचवे. जन्माच्या रात्री मोठे वादळ झाले म्हणून मेघांच्या देवाच्या नावावरून मुलाचे नाव मेघनाथ ठेवले, असे सांगतात. मोठेपणी त्यांनी ते बदलून मेघनाद असे केले. मेघनाद हे रावणपुत्र इंद्रजिताचे नाव. साहा हा व्यापार करणारा समाज; परंतु त्या काळच्या बंगाली जातिव्यवस्थेत तो खालचा मानला जाई. घरात विद्येची परंपरा नव्हती आणि पैसाही नव्हता. मुलाने लिहिण्या-वाचण्यापुरते शिकावे व पुढे दुकानात हातभार लावावा, अशी वडिलांची अपेक्षा होती. तीत काही गैर होते असे आम्ही म्हणणार नाही. आठ मुलांच्या बापाला त्याहून अधिक पाहण्याची सवड नसते.

गावात केवळ प्राथमिक शाळा होती. पुढील शाळा सुमारे दहा किलोमीटरांवर सिमुलिया येथे. रोज जाणे-येणे शक्य नव्हते आणि तेथे राहण्याचा खर्चही झेपणारा नव्हता. तेव्हा थोरले बंधू जयनाथ यांनी खटपट करून सिमुलियाचे डॉक्टर अनंतकुमार दास यांच्या घरी मेघनाद यांच्या राहण्या-जेवणाची सोय लावली. अटी दोनच होत्या : आपली जेवणाची भांडी आपणच घासावयाची आणि घरच्या गाईची देखभाल करावयाची. पहिल्या अटीत जातीचा विटाळ होता, दुसरीत आश्रयाची परतफेड होती. मेघनाद यांनी दोन्ही अटी पाळल्या आणि अभ्यास केला. ज्या डॉक्टरांनी हा आश्रय दिला, त्यांच्याविषयीची कृतज्ञता त्यांनी जन्मभर जपली. १९०५ साली माध्यमिक परीक्षेत ते ढाका जिल्ह्यात पहिले आले आणि दरमहा चार रुपयांची सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ढाक्याच्या कॉलेजिएट शाळेत दाखल झाले.

ते वर्ष बंगालच्या फाळणीचे होते. लेफ्टनंट गव्हर्नर सर बॅम्फील्ड फुलर यांच्या शाळाभेटीच्या वेळी काही विद्यार्थ्यांनी निषेध केला. त्यांत मेघनादही होते. त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले आणि शिष्यवृत्तीही बंद झाली. बारा वर्षांच्या गरीब मुलावर याहून मोठे संकट कोणते? किशोरीलाल जुबिली शाळेने त्यांना प्रवेश दिला. वैश्य समितीने महिना दोन रुपये देऊ केले. जयनाथ तागाच्या कंपनीत महिना वीस रुपयांवर नोकरी करीत. त्यांतून ते पाच रुपये धाकट्या भावाला पाठवीत. या सात रुपयांवर मेघनाद यांनी शालेय शिक्षण पुरे केले, आणि १९०९ साली प्रवेश परीक्षेत ते पूर्व बंगालात पहिले आले. ढाका कॉलेजात असताना त्यांनी जर्मन भाषा शिकून घेतली. ही भाषा पुढे त्यांना कोठे उपयोगी पडली, ते ओघाने येईलच.

१९११ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. रसायनशास्त्र शिकविण्यास आचार्य प्रफुल्लचंद्र राय, पदार्थविज्ञानास जगदीशचंद्र बोस, आणि वर्गबंधू सत्येंद्रनाथ बोस. असा योग क्वचितच जुळून येतो. परंतु वर्गात सर्वांबरोबर बसणाऱ्या या विद्यार्थ्याला ईडन हिंदू वसतिगृहात मात्र सर्वांबरोबर जेवता येत नव्हते. उच्चवर्णीय मुलांनी त्यांच्या पंगतीला बसण्यास हरकत घेतली. सरस्वतीपूजेच्या दिवशी त्यांना इतरांसमवेत पूजेत भाग घेण्यास मज्जाव झाला. ज्या विद्यार्थ्याने विद्येखेरीज दुसरे काही जोडले नव्हते, त्यालाच विद्येच्या देवतेपुढे जाण्यास अडविण्यात आले. पुढे मेघनाद ते वसतिगृह सोडून काही मित्रांसह मेसमध्ये राहावयास गेले. १९१३ साली ते गणितात बी.एस्सी. झाले, १९१५ साली मिश्र गणितात एम.एस्सी. झाले. दोन्ही वेळा त्यांचा क्रमांक दुसरा होता आणि पहिले सत्येंद्रनाथ बोस होते. क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून सरकारी वित्तसेवेच्या परीक्षेचा मार्ग त्यांना बंद झाला. तो बंद झाला नसता, तर कदाचित देशाला एक हिशेबनीस अधिक मिळाला असता आणि एक शास्त्रज्ञ उणा झाला असता.

सर आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्त्यात नवे विज्ञान महाविद्यालय उभारले होते. १९१६ साली त्यांनी साहा व बोस या दोघाही तरुणांना तेथे अध्यापक नेमले. साहा गणिताचे पदवीधर, पण लवकरच त्यांच्याकडे पदार्थविज्ञान आले. प्रयोगशाळा अपुरी होती आणि महायुद्धामुळे परदेशांतून येणारी उपकरणे व ग्रंथ यांची ये-जा खुंटली होती. विद्यार्थ्यांना जे शिकवावयाचे, ते आधी स्वतः शिकावे लागे. उष्मागतिकी शिकविता शिकविता साहा सूर्य व तारे यांच्या एका जुन्या कोड्यापाशी येऊन ठेपले.

ते कोडे समजण्यासाठी विद्यार्थ्यांनी आधी पाण्याकडे पाहावे. बर्फ, पाणी आणि वाफ ही एकाच द्रव्याची तीन रूपे : स्थायू, द्रव आणि वायू. पाण्याची घनता एक मानली तर बर्फाची सुमारे ०.९२ भरते, म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो. एक लिटर पाणी उकळून पूर्ण वाफ झाले की ती वाफ सोळाशे लिटरांहून अधिक जागा व्यापते. द्रव्य तेच, वस्तुमान तेच. कणांमधील अंतर वाढले म्हणून घनता घटली. अवस्था बदलण्यास उष्णता लागते, हे सर्वांना माहीत असते. परंतु उष्णतेइतकाच दाबाचाही त्यात वाटा असतो. माहुली किल्ल्याच्या माथ्यावर हवेचा दाब पायथ्यापेक्षा कमी असतो, म्हणून तेथे पाणी १०० अंशांपर्यंत तापण्याची वाट न पाहता सुमारे ९७ अंशांनाच उकळते. दाब कमी झाला की कणांना सुटून जाणे सोपे होते. एवढी गोष्ट मनात धरावी, म्हणजे साहा यांचा शोध हाती येतो.

आता सूर्याचे कोडे. प्रत्येक मूलद्रव्य तापून वायुरूप झाले की आपल्या ठरलेल्या रंगांचा प्रकाश देते. लोलकातून किंवा वर्णपटदर्शकातून पाहिले की त्या प्रकाशाच्या रेषा दिसतात, आणि त्या रेषांवरून सूर्यात कोणती मूलद्रव्ये आहेत हे ओळखता येते. कॅल्शियमच्या अणूच्या रेषा निराळ्या. त्याच अणूतून एक इलेक्ट्रॉन निघून गेला म्हणजे त्याच्या रेषा निराळ्या. अशा इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूला आयन म्हणतात. सूर्याच्या वर्णावरणात साध्या कॅल्शियमच्या रेषा थोड्या उंचीपर्यंतच दिसत; आयनरूप कॅल्शियमच्या रेषा मात्र त्याहून पुष्कळ उंचावर आढळत. अणू फोडण्यास उष्णता लागते. मग वर जाऊन फुटलेले अणू वाढावेत कसे? शिवाय रुबिडियम, सीझियम यांसारख्या काही मूलद्रव्यांच्या रेषा सूर्याच्या वर्णपटात सापडतच नव्हत्या. ती मूलद्रव्ये सूर्यात नाहीतच की काय, असाही प्रश्न होता.

१९१९ च्या अखेरीस जर्मन शास्त्रज्ञ एग्गर्ट यांचा ताऱ्यांच्या अंतर्भागातील अणूंच्या विघटनावरील लेख साहा यांच्या वाचनात आला. ढाक्यात शिकलेली जर्मन भाषा येथे कामास आली. एग्गर्ट यांच्या मांडणीत एक उणीव होती. कोणत्या मूलद्रव्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढण्यास किती ऊर्जा लागते, ते प्रत्यक्ष प्रयोगांवरून न घेता त्यांनी अंदाजाने घेतले होते. साहा यांनी प्रयोगांनी मिळालेल्या किमती घेतल्या, आणि अणूतून इलेक्ट्रॉन सुटणे ही बाष्पीभवनासारखी किंवा रासायनिक विघटनासारखी क्रिया आहे असे मानून तिला उष्मागतिकीचे नियम लावले. त्यांतून एक समीकरण निघाले. तापमान, दाब आणि इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी ऊर्जा या तीन गोष्टी दिल्या की वायूतील किती अणू आयन होतील, हे ते समीकरण सांगते. साहा यांचे आयनीभवनाचे समीकरण म्हणून ते जगभर शिकविले जाते.

या समीकरणाने कोडे सुटले. अणूतून सुटलेला इलेक्ट्रॉन दाट वायूत फार दूर जाऊ शकत नाही. त्याला लगेच दुसरा आयन भेटतो आणि दोघे पुन्हा एक होतात. वायू विरळ असला की ही भेट दुर्मीळ होते आणि फुटलेला अणू फुटलेलाच राहतो. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागापाशीच वायूची घनता आपल्या हवेच्या एक हजारांशाहूनही कमी असते. त्याच्या वरचे वर्णावरण त्याहूनही विरळ. म्हणून जसजसे वर जावे तसतसे कॅल्शियमचे अणू अधिकाधिक आयनरूप होतात. माहुलीच्या माथ्यावर पाणी लवकर उकळते, त्याच प्रकारची ही गोष्ट आहे. रुबिडियम व सीझियम यांच्या अणूंतील इलेक्ट्रॉन फार थोड्या ऊर्जेने सुटतात. म्हणून सूर्याच्या उष्णतेत ते जवळजवळ सर्वच्या सर्व आयन होऊन जातात आणि त्यांच्या ओळखीच्या रेषा नाहीशा होतात. ती द्रव्ये सूर्यात नाहीत असे नव्हे. त्यांची अवस्था पालटली आहे. सूर्यावरील डाग भोवतालापेक्षा थंड असतात, तेथे शोध केल्यास त्या रेषा सापडाव्यात, असे साहा यांनी भाकीत केले. अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत हेन्री नॉरिस रसेल यांना डागांच्या वर्णपटात रुबिडियमच्या रेषा आढळल्या, आणि हे भाकीत खरे ठरले.

स्थायू, द्रव आणि वायू यांच्या पलीकडची ही चौथी अवस्था. आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन यांच्या अशा मिश्रणाला १९२८ साली लँगम्युर यांनी प्लाझ्मा हे नाव दिले. आकाशातील वीज, वेल्डिंगची ठिणगी आणि ट्यूबलाइटच्या नळीत पेटलेला वायू ही तिचीच उदाहरणे होत. डोळ्यांना दिसणाऱ्या विश्वातील बहुतेक द्रव्य याच अवस्थेत आहे.

हे संशोधन प्रसिद्ध झाले तेव्हा साहा सत्तावीस वर्षांचे होते. त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध १९२० साली लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापला गेला. त्यापूर्वीच त्यांना कलकत्ता विद्यापीठाची प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली होती. ज्या मुंबईकर व्यापाऱ्याच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला, त्याच व्यापाऱ्याच्या देणगीतून ही शिष्यवृत्ती दिली जात असे. तिच्या आधाराने साहा युरोपात गेले, लंडनला फाउलर यांच्या आणि बर्लिनला नर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत राहिले. १९२७ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचविले गेले. ते त्यांना मिळाले नाही.

मात्र त्यांच्या समीकरणाचे एक फळ पारितोषिकाहून मोलाचे आहे. ताऱ्यांचे वर्णपट परस्परांहून फार भिन्न दिसतात. म्हणून निरनिराळे तारे निरनिराळ्या द्रव्यांचे बनले असावेत असे वाटे. १९२५ साली सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने साहा यांचे समीकरण हाती घेऊन दाखवून दिले की बहुतेक ताऱ्यांची घडण जवळजवळ सारखीच आहे आणि त्यांत हायड्रोजन व हीलियम यांचेच प्राबल्य आहे. वर्णपटांतील भेद मुख्यतः तापमानामुळे आणि काही अंशी दाबामुळे पडतात. तथागतांनी शिकविलेला प्रतीत्यसमुत्पाद हेच सांगतो की जे दिसते ते हेतू व प्रत्यय यांच्या योगाने दिसते. भौतिकशास्त्र आणि धम्म ही एकच होत असा दावा आम्ही करीत नाही. पण ज्या विद्यार्थ्याला जन्मावरून पंगतीबाहेर ठेवले, त्याच्याच समीकरणाने ताऱ्यांमधील भेद द्रव्याचा नसून परिस्थितीचा आहे हे सिद्ध करण्यास साधन दिले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

१९२३ पासून पंधरा वर्षे साहा अलाहाबाद विद्यापीठात प्राध्यापक होते. तेथे त्यांनी विद्यार्थी घडविले, श्रीवास्तव यांच्यासह उष्णतेवर पाठ्यपुस्तक लिहिले आणि विज्ञान अकादमी स्थापन केली. १९३५ साली त्यांनी सायन्स अँड कल्चर हे मासिक सुरू केले. १९३८ साली ते कलकत्त्यास परतले. तेथे त्यांनी अणुकेंद्रीय भौतिकीची संस्था उभी केली. तिचे उद्घाटन १९५० साली आयरीन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झाले. आज ती संस्था साहा यांच्याच नावाने ओळखली जाते.

परंतु साहा वेधशाळेत व वर्गात रमून राहणारे नव्हते. पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या मुलखात त्यांचे बालपण गेले होते. १९२२ साली उत्तर बंगालात महापूर आला, तेव्हा प्रफुल्लचंद्र राय यांच्या मदतकार्यात त्यांनी भाग घेतला. १९३४ साली भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन मुंबईस भरले. साहा अध्यक्ष होते. ज्या शहराला आमच्या तानशाचे पाणी केवळ उताराने, पंपाविना जात होते, त्या शहरात उभे राहून त्यांनी देशातील नद्यांच्या वारंवार येणाऱ्या पुरांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. नदीला नशिबाच्या हवाली न करता तिचा शास्त्रीय अभ्यास व्हावा, हा विचार त्यांनी पुढेही सातत्याने मांडला.

१९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला आणि कलकत्त्याचा उर्वरित देशाशी असलेला रेल्वे व रस्त्याचा संबंध तुटला. चौकशी समितीवर साहा यांची नेमणूक झाली. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर संपूर्ण दामोदर खोऱ्याची एकत्र योजना करावी, असा आग्रह त्यांनी लेखांतून व समितीतून धरला. त्याच काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्याच खात्यात येत. बाबासाहेबांनी १९४५ साली दामोदर योजनेसाठी परिषदा घेतल्या आणि पूरनियंत्रण, पाटबंधारे, वीज व नौकानयन असे अनेक हेतू एकत्र साधणाऱ्या योजनेला सरकारी धोरणाचे रूप दिले. १९४८ साली दामोदर खोरे निगमाचा कायदा झाला. बालपणी पंगतीबाहेर आणि पाणवठ्याबाहेर ठेवले गेलेले हे दोन पुरुष देशाच्या नद्यांचे पाणी सर्वांच्या हिताला कसे लावावे याचा विचार एकाच काळात करीत होते.

हे लिहिताना आमच्या परिसराकडे दृष्टी वळल्याखेरीज राहत नाही. तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. बांध उभारणे हे अर्धे काम आहे. त्याचे पाणी कोणापर्यंत पोहोचले हा उरलेल्या अर्ध्या कामाचा हिशेब आहे. तो मांडणारे अभियंते व शास्त्रज्ञ या पाड्यांतूनच पुढे यावेत, अशी आमची इच्छा आहे.

१९५२ साली साहा कलकत्त्याच्या एका मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. प्रांतोप्रांतीच्या भिन्न पंचांगांचा अभ्यास करून समितीने सूर्याच्या प्रत्यक्ष गतीवर आधारलेली एक राष्ट्रीय दिनदर्शिका सुचविली. ती २२ मार्च १९५७ पासून अमलात आली. पण ते पाहण्यास साहा हयात नव्हते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असताना वाटेतच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय बासष्ट वर्षे होते. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, आणि ६ डिसेंबरला त्यांचेही महापरिनिर्वाण झाले.

आमच्या शाळेत मुले एका पंगतीत जेवतात आणि आपापले ताट स्वतः घासतात. सिमुलियाच्या घरी मेघनादही आपले ताट स्वतःच घाशीत. पण तेथे ते काम एकट्या त्यांनाच, जातीमुळे करावे लागे. येथे ते सर्वांचे काम आहे आणि शिस्तीचा भाग आहे. काम तेच असले तरी त्याचा अर्थ पालटला आहे, आणि तो आपोआप पालटलेला नाही. त्यासाठी अनेकांनी आयुष्य वेचले. त्यांच्यात मेघनाद साहा यांचे नाव आम्ही आदराने घेतो. तानशाच्या काठी शिकणाऱ्या मुला-मुलींनी त्यांचे समीकरण एक दिवस स्वतः सोडवावे, अशी अपेक्षा व्यक्त करून या थोर शास्त्रज्ञाच्या स्मृतीस आम्ही अभिवादन करतो.